शिक्का शेवटी बघा : जुना इंग्रजी कॉफीपॉट पारखायला शिकताना

चांदीचा जुना कॉफीपॉट हातात आला की नवखा माणूस तो लगेच उलटा करतो, भिंग काढतो आणि बुडावरचे शिक्के शोधायला लागतो. शिक्के बघायचेच आहेत, पण सगळ्यात शेवटी. शिक्का दुसऱ्या भांड्यातून कापून इथे बसवता येतो, आणि तसा बसवलेला सापडतोही. भांड्याचा घाट, वजन, तोटीची जागा, मुठीचं लाकूड या गोष्टी कोणाच्या लक्षात न येता बदलणं फार कठीण. त्या वाचता याव्यात म्हणून आधी कॉफीची माहिती हवी : ती कशी करत, कुठे पीत, कोणासमोर ओतत.

इथे आपण फक्त इंग्लंडमध्ये साधारण १६८० ते १८३० या काळात घडलेल्या पॉटबद्दल बोलू. फ्रान्स, ऑस्ट्रिया, तुर्कस्तान इथल्या परंपरा वेगळ्या आहेत. सुरुवात इंग्रजी चांदीपासून करणं सोपं, कारण तिथल्या हॉलमार्कच्या पद्धतीमुळे भांड्याचं वर्ष बहुतेक वेळा नेमकं सांगता येतं.

पायरी १ : गाळ लक्षात घ्या

सतराव्या शतकातली इंग्रजी कॉफी म्हणजे भाजलेल्या बियांची पूड पाण्यात घालून उकळलेलं पेय. फिल्टर नावाची वस्तू नव्हती. उकळी आली की पॉट बाजूला ठेवायचा आणि गाळ खाली बसेपर्यंत वाट बघायची. घाई असेल तर अंड्याचा पांढरा बलक किंवा माशांच्या वाताशयापासून केलेलं आयसिंग्लास घालून गाळ लवकर बसवायचा.

पॉटचा घाट यातूनच आला. भांडं उंच, खाली रुंद आणि वर निमुळतं : गाळाला पसरायला तळ मोठा, आणि ओतताना तो ढवळला जाण्याची भीती कमी. तोटी बुडाला चिकटून नसते, थोडी वरून निघते. झाकण उघडून आत बघा. तोटी जिथे अंगाला जोडलेली असते तिथे बारीक छिद्रांची चाळणी बऱ्याचदा असते. मूठ लाकडाची, कारण चांदी इतकी पटकन तापते की चांदीच्या मुठीने उकळती कॉफी ओतणं अशक्यच. मूठ चांदीची असेल तर तिच्यात वर-खाली उष्णता अडवणारे हस्तिदंताचे किंवा तशाच एखाद्या पदार्थाचे पातळ तुकडे बसवलेले दिसले पाहिजेत. तेही नसतील तर हे भांडं मुळात गरम पेयासाठी होतं का, अशी शंका घ्या. पुढे सहाव्या पायरीत ही शंका उपयोगी पडेल.

घाट अजून पक्का झाला नव्हता त्या काळातली एक वस्तू लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. उंच, सरळ निमुळती, शंकूसारख्या झाकणाची. बघताक्षणी कोणीही कॉफीपॉट म्हणेल. पण तिच्यावर कोरलेला मजकूर सांगतो की ही चहाची किटली आहे, लॉर्ड बर्कली यांनी १६७० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला दिलेली. मजकूर नसता तर ती आज कॉफीच्या कपाटात असती. त्याच संग्रहालयात जॉर्ज गार्थॉर्न या कारागिराने १६८१-८२ मध्ये घडवलेला कॉफीपॉट आहे. ज्ञात इंग्रजी चांदीच्या कॉफीपॉटमधला तो सगळ्यात जुना मानतात, आणि तोही रिचर्ड स्टर्न यांनी कंपनीलाच भेट दिलेला. चहाची किटली बुटकी आणि गोल झाली ती नंतर.

तिसरं भाऊबंद म्हणजे चॉकलेटपॉट. दिसायला अगदी कॉफीपॉटसारखा, पण झाकणाच्या शेंड्यावरची कळी फिरवून किंवा सरकवून बाजूला होते आणि खाली भोक दिसतं. चॉकलेट तळाशी बसतं, ते पिण्याआधी फेसायचं, म्हणून त्या भोकातून ताकाच्या रवीसारखी एक दांडी आत घालून हातांनी घुसळायची. कळी हलते का हे नेहमी तपासा. चॉकलेटपॉट दुर्मीळ, त्यामुळे किंमत वेगळी. आणि हेच कारण साधून एखाद्या साध्या कॉफीपॉटच्या झाकणाला नंतर भोक पाडलेलंही असू शकतं.

पायरी २ : पॉट दुकानातला की घरातला, हे विचारा

लंडनमधलं पहिलं कॉफीहाउस पास्क्वा रोझे याने १६५२ मध्ये कॉर्नहिलच्या सेंट मायकल्स अ‍ॅलीत उघडलं. तो डॅनियल एडवर्ड्स नावाच्या व्यापाऱ्याचा नोकर, आणि हा व्यापारी तुर्की मुलखाशी धंदा करणारा. (आपल्याकडे कॉफी त्याआधीच होती. १६१६ मध्ये सुरतेजवळ उतरलेल्या एडवर्ड टेरी या इंग्रज पाद्र्याने लिहून ठेवलंय की धर्म काटेकोर पाळणारे इथले बरेच लोक दारूऐवजी कॉफी पितात. येमेनमधलं मोखा बंदर आणि सुरत यांच्यामधला व्यापार जुनाच.)

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत लंडनभर कॉफीहाउसं झाली. दाराशी एक पेनी टाकली की बसायला जागा, कॉफी, वर्तमानपत्रं आणि वादविवाद. गिऱ्हाईक पुरुषच, बायका दिसायच्या त्या बहुतेक गल्ल्यावर किंवा कामावर. १६७४ मध्ये ‘कॉफीविरुद्ध बायकांचा अर्ज’ नावाचं एक टवाळ पत्रक छापलं गेलं : या पेयाने नवरे निकामी झालेत, अशी तक्रार. दुसऱ्या चार्ल्स राजाला टवाळी नको होती, त्याला राजकारणाची चर्चा बंद करायची होती. २९ डिसेंबर १६७५ रोजी त्याने कॉफीहाउसं बंद करण्याचा जाहीरनामा काढला, अंमल १० जानेवारीपासून. ओरड एवढी झाली की अंमल सुरू होण्याआधीच तो मागे घ्यावा लागला. एडवर्ड लॉइडच्या कॉफीहाउसात जहाजांच्या विम्याचे व्यवहार व्हायचे, एक्स्चेंज अ‍ॅलीतल्या ‘जोनाथन्स’मध्ये शेअरचे. लंडनचा विमा बाजार आणि शेअर बाजार या दोन्हींची मुळं कॉफीच्या टेबलांवर आहेत.

आता नवख्याने लक्षात ठेवायची गोष्ट. या कॉफीहाउसांत चांदी नव्हती. विस्तवासमोर पॉटची रांग लागलेली असायची, पण ते तांब्याचे, कथलाचे किंवा तसल्याच स्वस्त धातूचे. त्यामुळे एखादा विक्रेता चांदीच्या पॉटबद्दल ‘हा अमुक कॉफीहाउसातला’ अशी गोष्ट सांगायला लागला तर गोष्ट ऐका, पैसे गोष्टीचे देऊ नका. चांदीचा पॉट श्रीमंत घरातला : सकाळच्या न्याहारीचा आणि रात्रीच्या जेवणानंतरचा. त्याच्यावर घराण्याचं चिन्ह कोरलेलं असायचं, कारण पाहुण्यांनी ते बघणं हाही त्याचा एक उपयोग होता.

पॉट सुरुवातीला छोटे का आणि पुढे मोठे का, याचं उत्तर बऱ्याच अंशी भावात आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपात पोचणारी कॉफी जवळजवळ सगळी येमेनची. नंतर डचांनी जावात आणि फ्रेंचांनी कॅरिबियन बेटांवर मळे लावले. शतकाच्या अखेरीस जगातली निम्मी कॉफी एकट्या सँ-दोमिंग, म्हणजे आजच्या हैतीतून यायची, आणि ती पिकवणारे हात गुलामांचे होते. १७९१ मध्ये त्यांनीच तिथे उठाव केला. लंडनच्या दिवाणखान्यातला पॉट जितका मोठा आणि नक्षीदार, तितका हा हिशेब त्याच्यामागे ठेवून बघावा असं मला वाटतं.

पायरी ३ : घाटावरून काळाचा अंदाज बांधा

हे शिकायला पुस्तकापेक्षा फोटो कामाचे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चांदीच्या वस्तू तारखेसह बघता येतात. रोज दहा पॉट बघा, तारीख झाकून अंदाज करा. महिन्याभरात डोळा बसतो. ढोबळ क्रम असा.

१७०० च्या आधी : सरळ निमुळता नळा, शंकूसारखं टोकदार झाकण, सरळ तोटी.

१७०० ते १७३० : झाकण घुमटासारखं उंच, तोटी हंसाच्या मानेसारखी वळलेली. काहींची मूठ तोटीच्या समोर नसून काटकोनात, बाजूला असते. अष्टकोनी पॉट याच काळातले, आणि संग्राहक त्यांच्यासाठी वेडे होतात. १६८५ मध्ये फ्रान्सने प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर तिथले अनेक ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, कारागीर लंडनला आले; जाड पत्रा आणि ओतीव भागांची सफाई यांत त्यांचा हात दिसतो. पॉल द लामरी हे त्यांच्यातलं सगळ्यात मोठं नाव.

१७३० ते १७५५ : झाकण चपटं होत जातं, अंग बुडाशी किंचित आत वळतं. उंची साधारण २० ते २४ सेंटिमीटर. काही अगदी साधे, काहींवर शिंपले-फुलं-वेली असं रोकोको उठावाचं काम.

१७५५ ते १७७५ : पोट सुटतं. नासपतीसारखा घाट, खाली पसरट उंच बैठक, काठाला पीळ दिल्यासारखी किनार. उंची ३० सेंटिमीटरच्या घरात.

१७७५ ते १८०० : ग्रीक-रोमन कलशाचा घाट, मण्यांची बारीक किनार, नाजूक कोरीवकाम. हेस्टर बेटमन या विधवा कारागिरणीने १७६१ मध्ये स्वतःचा शिक्का नोंदवला. तिच्या कारखान्याचे या शैलीतले पॉट बाजारात बरेच दिसतात आणि नावामुळे थोडे महागही असतात.

१८०० नंतर : ‘बिगिन’ येतं. आत गाळणं, खाली स्टँड आणि स्पिरिटचा दिवा. गाळ भांड्यात राहायचं कारण संपलं, तसं भांडं बुटकं, नळकांड्यासारखं झालं आणि तोटी आखूड होऊन काठाजवळ गेली. पुढे कॉफीपॉट एकटा राहिला नाही. चहाची किटली, साखरेचं आणि दुधाचं भांडं यांच्या संचातला एक झाला. १७८४ मध्ये सरकारने चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आणला होता, तेव्हापासून इंग्रज घरात चहाचंच राज्य.

पायरी ४ : हातात घ्या, तोला, हुंगा

जुनी चांदी ट्रॉय औंसात मोजतात. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. जॉर्जियन काळातला, म्हणजे चार जॉर्ज राजांच्या काळातला (१७१४ ते १८३०), मध्यम पॉट साधारण २० ते ३० औंसांचा. २५ औंस धरले तर सुमारे ७७८ ग्रॅम, म्हणजे आपले ६६-६७ तोळे. लिलावाच्या यादीत दिलेलं वजन बहुतेक वेळा मुठीसकट असतं, हे विसरू नका.

बुडावर बारीक ओरखड्यासारखे आकडे दिसतील. ते घडवणाऱ्याने किंवा मालकाने नोंदवलेलं मूळ वजन असतं, आधी औंस, मग पेनीवेट (२० पेनीवेटचा एक औंस). आजचं वजन थोडं कमी भरलं तर ठीक, शे-दोनशे वर्षं घासून झिजलंय. बरंच कमी किंवा जास्त भरलं तर काहीतरी काढलंय किंवा जोडलंय.

वजनदार आहे म्हणून चांदी, असंही नाही. १७४० च्या दशकात थॉमस बोल्सोव्हरने तांब्यावर चांदीचा पत्रा चिकटवून लाटायची युक्ती काढली, तेच शेफील्ड प्लेट. झिजलेल्या कडांवर, तोटीच्या टोकाशी लालसर तांबं डोकावतं. १८४० मध्ये एल्किंग्टनने विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं, त्यानंतरच्या वस्तूंवर ‘ई.पी.एन.एस.’ (निकेलच्या मिश्रधातूवर विजेने दिलेला चांदीचा मुलामा) अशी अक्षरं दिसतात. मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर जे ‘ब्रिटिश टाइम का सिल्वर’ म्हणून दाखवतात त्यातलं बरंचसं हेच. वापरायला उत्तम, पण ते चांदीच्या भावाने घेऊ नका.

हुंगायचं कशासाठी? झाकण उघडल्यावर तांब्या-पितळेचा वास आला तर आतला मुलामा गेलाय.

पायरी ५ : आता शिक्के

आता उलटा करा. शिक्के बुडावर असतील किंवा मुठीच्या उजवीकडे काठाखाली. चार-पाच छोटे ठसे ओळीने असतात.

चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. आपल्या सराफाच्या भाषेत साडेब्याण्णव टंच. १६९७ ते १७२० या काळात सिंहाऐवजी बसलेली ब्रिटानिया देवी आणि सिंहाचं तुटलेलं मुंडकं दिसतं, कारण त्या वर्षांत कायद्याने ९५८ ची चांदी सक्तीची केली होती. नाणीही स्टर्लिंगचीच असल्यामुळे कारागीर नाणी कातरून, वितळवून भांडी करत होते; ते थांबवायला भांड्यांची चांदी नाण्यांहून शुद्ध ठरवली.

शहराचा शिक्का : लंडनचा बिबट्याचा चेहरा (१८२१ पर्यंत डोक्यावर मुकुट), बर्मिंगहॅमचा नांगर (जहाजाचा, शेतातला नव्हे), शेफील्डचा मुकुट, एडिंबरोचा किल्ला, डब्लिनची मुकुटधारी वीणा. बर्मिंगहॅम आणि शेफील्डला स्वतःची तपासणी कार्यालयं १७७३ मध्ये मिळाली. त्याआधीच्या म्हणवल्या जाणाऱ्या पॉटवर नांगर दिसला तर विक्रेत्याला नमस्कार करून निघा.

तारखेचं अक्षर. लंडनचं चक्र वीस अक्षरांचं. १७७६, १७९६, १८१६, १८३६ ही नव्या चक्राच्या सुरुवातीची वर्षं. अक्षराची घडण आणि भोवतालच्या ढालीचा आकार चक्रागणिक बदलतो, म्हणून नुसतं अक्षर वाचून वर्ष ठरवू नका. ढालीसकट तक्त्याशी जुळवा. वर्ष मे महिन्यात बदलायचं, त्यामुळे तारीख ‘१७३८-३९’ अशी जोडीने लिहितात. शेफील्डची अक्षरं १८२४ पर्यंत वर्णमालेच्या क्रमाने नव्हतीच, तिथे तक्त्याशिवाय गत्यंतर नाही.

राजाचं किंवा राणीचं डोकं : १७८४ ते १८९०, चांदीवरचा कर भरल्याची खूण. शेवटी कारागिराची आद्याक्षरं.

झाकण वेगळा भाग असल्याने त्याच्यावरही निदान काही शिक्के हवेत, आणि ते अंगावरच्या शिक्क्यांशी जुळायला हवेत. नवखे हे विसरतात. झाकण बिनशिक्क्याचं असेल तर ते बदललेलं असण्याची शक्यता मोठी.

पायरी ६ : फसवणुकीच्या जागा

घाई करायची नाही अशी हीच पायरी. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बसा.

पॉटच्या अंगावर तोंडाची वाफ सोडा. वाफ धरते तेव्हा झाळलेले सांधे आणि ठिगळं क्षणभर उठून दिसतात. बुडावर शिक्क्यांभोवती गोल सांधा दिसला तर शिक्का दुसरीकडून आलाय. १७२० मध्ये चांदीवर औंसाला सहा पेन्स कर लागला. तो चुकवायला कारागीर एखादा लहानसा तुकडा तपासून घेत, त्याचा थोडा कर भरत आणि शिक्क्याची चकती कापून मोठ्या भांड्यात बसवत. खुद्द द लामरीनेही हे केलंय. अशी करचुकवी वस्तू त्याच काळातली आणि अस्सल कारागिराची असू शकते. हल्ली बसवलेला शिक्का ही वेगळी गोष्ट. दोन्हींतला फरक करणं तज्ज्ञाचं काम, नवख्याने अशा वस्तूच्या वाटेला जाऊ नये.

घराण्याचं चिन्ह असायला हवं त्या जागी अंगठ्याने हलकेच दाबा. पत्रा लवचिक लागला तर जुनं चिन्ह घासून काढलंय. तिथे नवं, कुरकुरीत कोरीवकाम असेल तर बोटाला कडा टोचतात. जुनं खोदकाम गुळगुळीत झालेलं असतं.

व्हिक्टोरियन काळात साध्या जुन्या पॉटवर फुलावेलींचं उठावाचं काम मारून घ्यायची टूम होती. ओळखायचं कसं? नक्षी शिक्क्यांवरून गेलेली असते, किंवा शिक्के ठोकणीमुळे वाकडेतिकडे झालेले असतात. मूळ नक्षी आधी आखलेली असते, शिक्क्याला जागा सोडून.

त्याच काळातला दुसरा उद्योग म्हणजे बिअरच्या झाकणवाल्या मगाला तोटी लावणं. असा मग बुटका असतो, अंगावर मध्ये एक पट्टी, मूठ पोकळ चांदीची, झाकणावर अंगठा ठेवायचा उंचवटा. पहिल्या पायरीतली शंका इथे घ्यायची : चांदीची मूठ, उष्णता अडवणारे तुकडे नाहीत, तोटीवर शिक्का नाही. नवा भाग तपासून न घेता विकणं इंग्लंडमध्ये बेकायदा आहे.

शेवटी पॉट उजेडाकडे धरून आत डोकवा, उठावाच्या शेंड्यांवर सुईएवढी भोकं दिसतात का बघा. बिजागरी, तोटीचं टोक आणि मूठ बसते त्या नळ्यांची मुळं ही चिरा पडायची ठिकाणं. लाकडी मूठ मात्र नंतर बदललेली असणं गुन्हा नाही. लाकूड अडीचशे वर्षं टिकत नाही.

पायरी ७ : पहिला पॉट कोणता घ्यावा

माझं मत विचाराल तर अठराव्या शतकातला नको. १९०० ते १९३५ च्या दरम्यान बर्मिंगहॅम, शेफील्ड, लंडनमध्ये जॉर्जियन घाटाचे उत्तम स्टर्लिंग पॉट बनले. शिक्के स्पष्ट, पत्रा ठणठणीत, भाव चांदीच्या वजनापेक्षा फार वर नाही, आणि त्यात खरोखर कॉफी ओतता येते. त्यावर हात बसला की जुन्याकडे वळा. लंडनमध्ये राहणाऱ्यांनी चॅन्सरी लेनच्या तळघरातल्या सिल्व्हर व्हॉल्ट्समध्ये चक्कर मारावी. न घेता हाताळायला मिळणं हे मोठं शिक्षण.

भारतात घडलेले पॉटही मिळतात : कलकत्त्याचे हॅमिल्टन, मद्रासचे पी. ऑर, भुजचे उमरसी मावजी यांचे. कच्छी कामात दाट वेलबुट्टी, मूठ कधी सापाची. पुणे कॅम्पातल्या कारागिरांच्या भांड्यांवर देवदेवता उठावात कोरलेल्या असतात. इथे इंग्लंडसारखी सक्तीची तपासणी नव्हती, म्हणून कारागिराच्या नावाचा शिक्का असला तरी शुद्धता सराफाकडून तपासून घ्या. वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याने ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या लेकीला भेट द्यायचा बेत असेल तर हे आधी लक्षात घ्या. परदेशातून आणताना हस्तिदंत असलेला पॉट टाळा. भारतात हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे, आणि मुठीतला नखाएवढा तुकडाही सीमेवर अडकू शकतो. लाकडी मुठीचाच घ्या, पावती जपून ठेवा.

घरी आणल्यावर कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. मूठ भिजू देऊ नका. चिंच, राख, टूथपेस्ट, पितळेची पावडर यातलं काही नको. सराफाकडे ‘एकदा चकाचक’ करायला तर मुळीच देऊ नका : यंत्राच्या पॉलिशने शिक्के पुसट होतात आणि किंमत निम्म्यावर येते. रबरबँड आणि लोकरीपासून दूर ठेवा, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. वापरल्यावर तोटी आतून लगेच खळखळून धुवा. चाळणीची भोकं कॉफीच्या गाळाने बुजली तर सुई घालू नका. गरम पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी मोकळी होतात.